पासंग

दहावीला गणितात एकोणतीस आले तेव्हा
चुलत्यांनी चहाची बशी ओठाशी धरूनच सांगितलं,
हा बाकीच्यांच्या पासंगालाही पुरणार नाही.
बाबा काही बोलले नाहीत. माथाडी माणूस,
मान आयुष्यभर दुसऱ्याच कामाला लागलेली.

पासंग ही खरोखरीची वस्तू असते
हे मला तुर्भ्याच्या दाणा बाजारात कळलं.
वायंगणकर अण्णांनी जुना तराजू उलटा केला:
पारड्याच्या पोटाला चिकटलेला
चिंचोक्याएवढा शिशाचा तुकडा.
दोन पारडी जन्मतः सारखी नसतात रे,
उणं पडतं तिथं हा लावायचा.
मग म्हणाले, उद्यापासून डबा आण.

एवढीच माझी मुलाखत.

पहिलं वर्ष नुसतं पुसण्यात गेलं.
मिरचीच्या गाळ्यातला काटा उघडताना
तोंडाला ओला रुमाल, तरी शिंका.
गुळाच्या काट्यात मुंग्या.
हळदीच्या काट्यानं बोटं पिवळी;
लग्न ठरत नव्हतं, हळद मात्र रोज लागायची.
पाहुणे विचारायचे, मुलाचं शिक्षण?
आई सांगायची, एपीएमसीत असतो.

दुसऱ्या वर्षी कोपरे.
मधोमध वजन ठेवलं
की कुठलाही काटा खरं बोलतो.
वीस किलोचं लोखंड उचलायचं,
चारही कोपऱ्यांवर एकेकदा ठेवायचं,
आकडा हलला की समजायचं
दुखणं त्या पायात आहे.
एकोणतीसवाला मी
चाळीस ग्रॅमची चूक
चहा निवायच्या आत पकडू लागलो.

बाबा तेव्हा अजून गोण्या वाहत होते.
एकदा माझ्या काट्यासमोर थांबले,
पाठीवरचं न उतरवताच म्हणाले,
पन्नास लिहिलंय, साडेअठ्ठेचाळीस भरेल.
भरलं साडेअठ्ठेचाळीस.
तो एक काटा तेवढा
मला कधी उघडून बघता आला नाही.

खोटं कशाला सांगू, सगळंच बरोबर भरत नाही.
अण्णा गेले. परवाना त्यांच्याच नावावर होता.
आता सानपाड्याचा डिप्लोमावाला पोरगा
महिन्यातून दोनदा येतो, सही करतो.
उघडतो मी, जुळवतो मी, सीलही मीच दाबतो.
चांगला आहे पोरगा. मला सर म्हणतो.
निम्मे पैसे नेतो.

काल हर्षाली आली, बहिणीची,
कॉलेजातून तशीच, सॅक पाठीवर.
दोन विषय राहिलेत.
मामा, सोडून देऊ? तुझ्याकडे शिकू?
तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल असं काही होतं
की क्षणभर मलाच वाटलं,
परवाना माझ्या नावावर आहे.

सोड. नको सोडू.
दोन्ही जिभेवर आले,
वजनाला अगदी सारखे.

मी तिला लोखंड दाखवलं.
सॅक खाली टाकून
तिनं ते गुडघ्यात वाकून उचललं,
कुणी न शिकवता, आजोबांसारखं.
एक कोपरा. दुसरा. तिसरा.
चौथ्यावर थांबली.
इथं कमी दाखवतंय मामा. आता?

आता पेचकस घे. उजवीकडे. हळू.

ती वाकली,
तशी मी तिची सॅक
मिरचीच्या धुळीतून उचलली, झटकली
आणि वरच्या फळीवर ठेवली,
तिचा हात पोहोचेल अशी.