दोन स्वर खाली

हेलसिंकीहून आलेल्या पोरानं बसता बसताच विचारलं,
एवढं जड का वाजवलंत?
सव्वीस वर्षांनी परत येताय,
जुन्या रेकॉर्डवर तर बासरी होती, भूर्जाची झाडं होती,
अर्धा अर्धा तास नुसतं धुकं.
ताइस्तोनं त्याच्या कपात कॉफी ओतली.
कुठल्याही प्रश्नाला तो एवढंच उत्तर देतो.

मी हिल्क्का. ऑर्गन माझा.
मधली सव्वीस वर्षं केमीच्या चर्चमध्ये वाजवला,
लग्नं कमी, मयतं जास्त,
आणि मयताला आलेलं कुणी विचारत नाही
तुमच्या त्या सात मात्रांचं काय झालं.
जड म्हणजे काय ते आम्हाला आधी गुडघ्यांनी सांगितलं:
जिना जड, पिशवी जड, सकाळ जड.

गेल्या फेब्रुवारीत बंद पडलेल्या डेअरीत जमलो.
टाइल्सच्या भिंती, फरशीत नाल्या,
कोपऱ्यात कुठल्या तरी जुन्या दुधाचा आंबूस वास
अजून पाय रोवून.
ओइवानं ड्रम लावले, गुडघ्याला पट्टा बांधला.
हेइमोनं चष्मा शोधला,
मग चष्मा लावून गिटारचा पट्टा शोधला.
जुनंच गाणं घेतलं, हात सुटावेत म्हणून.
तिसऱ्या कडव्यापाशी कालेर्वोला वर जायचं होतं,
तिथं, जिथं तरणाताठा असताना
तो शिडीशिवाय चढायचा.

तोंड उघडं, मान ताणलेली,
आणि हवा. नुसती हवा.
त्यानं मफलर गुंडाळला, बाहेर गेला,
आणि मागच्या पायरीवरचा बर्फ खरवडत राहिला
तासभर,
जिथून कुणीच ये-जा करत नव्हतं.

आम्ही चर्चा केली नाही. आम्हाला ती येत नाही.
हेइमोनं खुंट्या उलट्या पिळल्या,
अर्धा स्वर. मग आणखी.
दोन स्वर खाली आल्यावर तारा इतक्या ढिल्या पडल्या
की बोटांखाली ओल्या दोरीसारख्या लोंबायला लागल्या.
त्यानं ओउलूहून जाड तारा मागवल्या.
ताइस्तोनं त्याहून जाड.
मी पायाखालच्या पट्ट्यांकडे वळले,
ज्या तोवर फक्त शवपेटी उचलताना दाबल्या होत्या.
कालेर्वो खाली होता, आम्ही उतरत गेलो,
उतरताना जे हाताला लागलं ते वाजलं.

ताइस्तो बर्फफोड्या जहाजावर होता, इंजिनात, एकोणीस हिवाळे.
एकदाच बोलला, रात्री दीडला,
चौथ्या गाण्याचा शेवट काही केल्या बसत नव्हता तेव्हा.
म्हणाला, तुम्ही कापायला बघताय.
बर्फ कुणी कापत नाही.
जहाज नाक वर करतं, त्याच्यावर चढतं,
आणि थांबतं.
पुढचं वजन बघून घेतं.

मग ओइवानं ठोका अर्ध्यावर आणला
आणि आम्ही त्या एका सुरावर चढून थांबलो,
चार आवर्तनं, पाच, सहा,
टाइल्स कुरकुरल्या,
खिडकीच्या काचेचं लांबी सुटून खाली पडलं
(रेकॉर्डवर ऐकू येतं, बावीस सेकंद उरलेले असताना)
आणि त्याच्यावर कालेर्वो गायला.
आहे त्या आवाजात,
तळघराची कडी काढावी तसा.
अल्बमला त्या डेअरीचंच नाव दिलं. दुसरं सुचलं नाही.

पोरानं वहीत लिहिलं: काळाबरोबर राहण्याचा प्रयत्न.
लिहू दे.
मला निघायचं होतं. दोन वाजता लेम्पीबाईंना निरोप होता,
एक्याण्णव वर्षांच्या, पोस्टातल्या.
शेवटच्या स्तोत्राला माझा पाय
आपण होऊन सगळ्यात खालच्या पट्टीवर गेला
आणि राहिला, हवा होता त्याहून बराच वेळ.
बाकं थरथरली. मेणबत्त्यांनी माना हलवल्या.
पहिल्या रांगेतल्या त्यांच्या मुलीनं वळून वर पाहिलं,
रागानं असेल, मला आता लांबचं नीट दिसत नाही.
मी पाय काढला नाही.