रेघ की चमचा

मंगळवारी पहाटे बेसिनवर वाकले,
उबळ आली ती छाती खरवडत आली,
आणि पिवळट कफात एक लाल रेघ,
चुकलेल्या गणितावर बाईंनी मारावी तशी.

नळ सोडला. रेघ गेली.
मी तिथेच, थंड फरशीवर,
एकाच पायात सपाता.

दुसऱ्यांदा टिश्यूत धरलं. खिडकीशी नेलं.
मसुराच्या डाळीएवढं. कडेला गुलाबी.
घडी घातली, घडीची घडी घातली,
पावाच्या डब्यामागे ठेवून दिली,
जणू कुणी पुरावा मागायला येणार होतं.

आमचं ब्लायनाय पाटीच्या दगडाचं गाव.
डोंगर चिरून परक्यांची छपरं घातली,
उरलेला चुरा अजून ढिगांनी
घरांच्या डोक्यावर उभा आहे.
थोडा बाबांच्या छातीत होता.
ते खोकायला लागले की आई रेडिओ मोठा करायची.
त्यांचे रुमाल मागच्या दारी वेगळे उकळायची,
वर झाकण,
आणि विचारलं तर म्हणायची, बीट शिजतंय.
सात वर्षांची होईतो मला वाटायचं,
बाबांना बीट फार आवडतं.

मी खाणीच्या वाटेला गेले नाही.
शाळेत स्वयंपाक केला, एकतीस वर्षं,
दीडशे पोरांचं मटण, गाजरं, कस्टर्ड.
मीठ कधी मोजलं नाही. हाताला कळायचं.
आणि फोनवरची ती नर्स, पोरसवदा आवाजाची, विचारते,
"किती होतं? नुसती रेघ, की चमचाभर?"
"कुठला चमचा?"
ती थांबली. चहाचा, म्हणाली.
"रेघ," मी म्हणाले. मग, "रेघेहून जाड."
मग, "नीटसं दिसलं नाही बाई मला,"
हे मात्र धादांत खोटं.

दम लागतो? वजन उतरलंय? सिगारेट?
एखादा पाय सुजलाय?
नाही. नाही. ब्याऐंशी साली सोडली.
पाय... थांब, बघते.
दोन्ही सारखेच जाड निघाले.
आयुष्यात पहिल्यांदा त्याचं बरं वाटलं.

इद्वालला सांगितलं नाही.
तो शेजारी घोरतो. मी उबळ गिळते,
गिळवत नाही तेव्हा उठून जिन्यात बसते,
आणि खुंटीवरच्या त्याच्याच कोटात
तोंड खुपसून खोकते.
दिवसा ही नुसती छातीतली सर्दी असते,
सकाळ-संध्याकाळ एक गोळी, जेवणानंतर.
रात्री तीनला
तीच सर्दी बाबांच्या आवाजात बोलते.

गुरुवारी फोटो काढला छातीचा.
डॉक्टर पॅरीने पडदा माझ्याकडे वळवला.
काळी पाटी,
तिच्यावर धसमुसळ्या पोराने
खडू दाबून ओढाव्यात तशा बरगड्या,
आणि खाली उजवीकडे
ओल्या फडक्याने अर्धवट पुसल्यासारखा डाग.
"हा न्यूमोनिया. खोकून खोकून
बारीकशी शीर फुटते कधी. बहुधा तेवढंच.
सहा आठवड्यांनी पुन्हा बघू.
जास्त पडलं तर मात्र थांबू नका, लगेच या."
'बहुधा' तो हळू म्हणाला.
मी नेमकं तेवढंच ऐकलं.

घरी आले तर
पावाचा डबा पुढे ओढलेला.
इद्वाल पाठमोरा, बटाटे सोलत होता,
सालीबरोबर निम्मा बटाटा जात होता.
"परवा रात्री एकेचाळीस वेळा," तो न वळता म्हणाला,
"काल सव्वीस."
"अरे, तू तर घोरत होतास."
"घोरत नव्हतो."

डबा मी परत मागे सारला.
बटाटे त्याच्याच हातात राहू दिले.

आता दोन आठवडे झाले, चार राहिलेत.
कफ पांढरा आहे. तरी तो मी खिडकीशी नेते,
ढिगांवरचा ओला दगड जांभळा दिसतो,
दगडच दिसतो.
रात्री उबळ आली तर जिन्यात जात नाही.
खोकते, तिथेच, मोकळ्या घशाने,
आणि अंधारात तो पुटपुटतो,
"सात."