अकरावी पायरी

उद्दिष्ट : विद्यार्थी शर्टाचं बटण स्वतः लावेल.
साहित्य : शर्ट एक.
वेळ : तीस मिनिटं.
एवढं लिहून थांबले तेव्हा रात्रीचे साडेअकरा,
विश्रामबागेतली कॉटबेसिसची खोली,
पलीकडच्या कॉटवर सुलक्षणा मगदूम
झोपेतही कानाच्या हाडांची नावं पाठ करत होती.

कुंभोजकर मॅडम म्हणाल्या होत्या,
आधी स्वतः लावा. दहा वेळा.
मग डोळे मिटून. मग नुसत्या डाव्या हातानं.
मगच लिहायला बसा.

तेवीस वर्षांत
माझ्या बोटांनी मला काही सांगितलं नव्हतं :
काज आधी अंगठ्याला सापडतं, डोळ्याला नंतर;
बटण सरळ जात नाही, खांदा तिरका करून शिरतं
जतच्या शेवटच्या एस्टीत शिरावं तसं;
आणि मध्येच एक जागा अशी, की
अर्धं अलीकडे, अर्धं पलीकडे,
या हातानं सोडायचं, त्या हातानं धरायचं,
आणि पळभर ते कुणाच्याच हातात नसतं.
ती सातवी पायरी.
तिला काय म्हणावं सुचेना. मी लिहिलं, ‘धीर धरतो.’
सकाळी त्याखाली लाल रेघ :
दिसेल, मोजता येईल असंच लिहा.

बिरदेव कोळेकर, वय नऊ.
आई मार्केट यार्डात हळद निवडते.
फाइलीत त्याचा एक आकडा आहे, दोन अंकी,
गोल करून ठेवलेला.
त्याला काय आवडतं
हे त्या चौदा पानांत कुठंच नाही.

पहिला आठवडा तो माझ्याकडे बघत नव्हता,
माझ्या घड्याळाकडे बघत होता.
सोमवारी मी घड्याळ दुसऱ्या हातात बांधून आले,
बटण धरायच्या हातात.
‘साधनांचा कल्पक वापर’ : दहापैकी सात.

सुरुवातीपासून शिकवू नका, मॅडम म्हणाल्या.
दहा पायऱ्या तुमच्या, शेवटची त्याची.
ती जमली की दहावीही त्याची. मग नववी.
शेवट मात्र रोज त्याच्याच हातचा.
वर्गात सगळ्यांनी हे वहीत उतरवलं, उलटी साखळी म्हणून.
मला आमची आत्ती आठवली :
पीठ तिनं मळलेलं, भाकरी तिनं थापलेली, पाणी तिनं फिरवलेलं,
आणि मला म्हणायची,
हां, आता तू फुगीव.

तर अकरावी पायरी :
बाहेर आलेलं बटण चिमटीत धरून ओढणे.
एकवीस दिवस.
बुधवारी त्याला ताप. नंतर दिवाळीची सुट्टी,
आणि सुट्टीनंतर पुन्हा पहिल्यापासून,
म्हणजे शेवटापासून.

मॅडमनी एकदा यार्डातली जुनी गोष्ट सांगितली.
पूर्वी हळदीचा सौदा रुमालाखाली व्हायचा,
वर दोघांचे चेहरे कोरे,
खाली बोटं बोटांना भाव सांगायची.
मला ती विषयांतर वाटली. बस चुकेल म्हणून
मी अर्धीच ऐकली.

शनिवारी पाठ. मागच्या बाकावर परीक्षक,
मांडीवर गुणपत्रक, पेनाचं टोपण दातांत.
मी सहाव्या पायरीवर होते
तेव्हा शर्टाच्या पट्टीखालून बिरूची बोटं आली
आणि माझी दोन बोटं धरली.
घट्ट. मग जरा सैल. मग घट्ट.
चेहरा खिडकीकडे.
काय भाव म्हणत होता कोण जाणे.
मला वाटतं मी कबूल केला,
कारण मी हात सोडला
आणि बटण काजात तसंच राहिलं, अर्धं अलीकडे, अर्धं पलीकडे,
आणि तो थांबला,
आणि मी थांबले,
परीक्षकांनी घड्याळ बघितलं,
आणि ते दुसऱ्या बाजूला आलं.

‘वेळेचं नियोजन’ : दहापैकी चार.
सही करून सर चहाला गेले.

बिरूनं खाली बघितलं. लावलेलं बटण बघितलं.
मग एका झटक्यात ते काढलं
आणि पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघत
शर्ट पुढे केला.

काढायच्या पायऱ्या
मी लिहिल्याच नव्हत्या.