गुडघ्याखालचा खडक

समितीचा ठराव स्पष्ट होता :
चर्चमधल्या उश्यांच्या माथ्यावर सपाट तिरपा टाका,
उठाव, गाठी, जे काय मिरवायचं ते कडेला.
गुडघ्याला टोचता कामा नये, ट्रायफीना म्हणाली,
आणि चष्म्यावरून माझ्याकडेच पाहिलं.

मी मान हलवली.
मान हलवायला काय लागतं.

घरी येऊन दिव्याखाली कॅनव्हास ताणला.
बाहेर कॉर्नवॉलचं धुकं,
बंदरावरचा भोंगा चुकलेल्या गाईसारखा हंबरत होता.
समुद्र भरला आधी. निळा, आज्ञाधारक.
धक्का भरला, दीपगृह भरलं.
राहिला बंदराच्या तोंडाशी बसलेला खडक,
ज्याला आमच्याकडे सगळे 'म्हातारी' म्हणतात.

म्हातारी सपाट कशी घालायची?

सहा घरं मोजली आडवी, सहा उभी.
डावीकडे खालच्या कोपऱ्यातून सुई वर काढली,
उजवीकडे वरच्या कोपऱ्यात बुडवली.
एक घर सरकून पुन्हा.
पुन्हा.
प्रत्येक दोरा मधल्या त्याच बिंदूवरून,
आधीच्याच्या पाठीवर पाय देऊन.
बाराव्या टाक्याला चौकोनाला पोट आलं,
बोटाखाली टणक, कोटाच्या गुंडीएवढं.
ऱ्होड्स म्हणतात ह्या टाक्याला.
वर दिसतो तो शेवटचा दोरा,
उंची असते ती खालच्या अकरांची.

वडील होडीतून लांबूनच बोट दाखवायचे :
दिसते तेवढी नाही ती, पोरी.

असे नऊ चौकोन, एकाला एक खेटून,
करड्या लोकरीचे, मधूनच एक शेवाळी
कारण करडी संपली होती.

रविवारी पाचव्या बाकाशी ती उशी
नेमकी ट्रायफीनाच्या वाट्याला आली.
(नेमकी म्हणजे, मीच ठेवली.)
अधू उजवा गुडघा तिने आधी टेकला
आणि थांबली.
प्रार्थना पुढे गेली, ती तिथेच.
सगळे उठले तरी वाकलेली,
एक हात उशीवर, काहीतरी चाचपत.

बाहेर पडताना तिच्या मोज्यावर
नऊ चौकोन उमटले होते.
मी उत्तरं जुळवून ठेवली होती, चांगली तीन-चार.

ट्रायफीनाचे वडील ह्या बंदराचे वाटाडे.
बाहेरची जहाजं चाळीस वर्षं त्यांनी आत आणली,
आणि आई गेल्यावर लहानगीला घरी कुठे ठेवणार,
म्हणून तिलाही सोबत.

"दोन घरं पूर्वेला हवी होती," ती म्हणाली.

उसव म्हणाली नाही.