छटाकभर हलका

परंड्याच्या तहसिलीबाहेर, लिंबाखाली,
मी मुद्रांक विकतो.
पाचचे, दहाचे, शंभराचे.
घासाघीस कोणी करत नाही, सरकारशी कोण करणार?
फक्त कागद उलटून बघतात,
मागच्या बाजूला काही आहे का.

काल शैलजा नववीचं पुस्तक घेऊन समोर बसली,
मोठ्याने वाचत.
बोस्टन नावाचं बंदर. रात्र. तीन जहाजं.
तोंडं रंगवलेली माणसं पेट्या फोडतात,
चहा समुद्रात.
चहा महाग नव्हता म्हणे, उलट स्वस्त झाला होता.
मग कशाला, असं तिने विचारलं
आणि उत्तराची वाट न बघता दुसरंच :
"अण्णा, माशांना खारा चहा कसा लागला असेल हो?"

मला सीनेचं पाणी आठवलं.

अलीकडे निजाम, पलीकडे इंग्रज,
मधे ढोपरभर नदी आणि करोडगिरीचा नाका.
एक कंदील, आडवा बांबू, दारोगा,
आणि काट्याजवळ आमचे वडील, विश्वनाथप्पा,
पगार हाली शिक्क्यात अकरा रुपये.
करमाळ्याकडून येणारं मीठ, काडेपेटी, घासलेट, लुगडी
आधी त्यांच्या पारड्यात बसायची,
मग गावात यायची.

सत्तेचाळीस साल. दसरा दोन दिवसांवर.
पलीकडे स्वातंत्र्य येऊन दोन महिने झाले होते,
अलीकडे अजून पावती फाटत होती.
पिराजीमास्तर पारावर बोलले, पाढे घ्यावेत तसे, हळू :
"जकातीला ना न्हाई.
पर हैदराबादेत आपलं कोण बसतंय?
आपल्याला इचारलं कुणी?"

त्या रात्री मी डबा घेऊन नाक्यावर गेलो आणि तिथंच झोपलो.
जाग आली तेव्हा घोंगड्यांच्या खोळी घेतलेले वीस-पंचवीस जण.
तोंडं दिसत नव्हती.
वहाणांच्या करकरीवरून मी सगळे ओळखले.
दारोगा आधीच घोड्यावर.
बांबू मोडला. पावत्यांची बुकं पेटली.
काटा, वजनं, आणि चहाची एक पेटी,
कुणा शेटजीची, एकच,
नदीत.

थंड पाण्यात चहाला रंग सुटत नाही.
उजाडल्यावर पाहिलं मी,
काळे कण दगडांच्या फटीत, आणि पाणी आपलं जसंच्या तसं.

वडिलांच्या तोंडाला कंदिलाची काजळी फासली एकाने.
त्याच्या उजव्या हाताला अर्धा अंगठा होता,
उरलेला बार्शीच्या जिनात गेलेला.
असा अंगठा पंचक्रोशीत एकाचाच.
माझ्या मामाचा.

वडील बोलले नाहीत. मामाही.
दिवाळीला आईने दोघांचे पाट शेजारी मांडले.
वडिलांनी स्वतः उठून त्याच्या पानात मीठ वाढलं,
जकात न भरलेलं.

एक मात्र राहिलं.
त्या पहाटे, काजळी न धुता, वडील नदीत उतरले
आणि पायांनी चाचपत राहिले.
एक शेर सापडला.
घरी आणून आईच्या शेरासमोर ठेवला पारड्यात.
छटाकभर हलका.
हलक्या शेराने माल जड भरतो.
बारा वर्षं माहीत होतं त्यांना.
गावाला माहीत असतं
तर काजळीवर भागलं नसतं.

शैलजाला मी एवढंच म्हटलं,
"माशांना विचारलं नसेल कुणी."
ती हसली, पान उलटलं.

तो शेर आता माझ्या टेबलावर, मुद्रांकांच्या गठ्ठ्यावर.
वारा सुटला की कागद धरून ठेवतो,
कडा तेवढ्या फडफडतात.

समोर कोणी येऊन उभं राहतं. "एक शंभरचा द्या."
मी रजिस्टर उघडतो.
कुणाच्या नावे, विचारतो. कशासाठी, विचारतो.
नियमच आहे तसा.
तरी मान वर करून,
तोंडाकडे बघून विचारतो.