मीटरवाचक

डॉक्टर कार्कामो बाबांच्या डोक्याचा फोटो उजेडाला धरतात.
हा इथे, म्हणतात, कानाच्या आतल्या अंगाला
समुद्रघोड्याच्या आकाराचा एक तुकडा.
वाटा इथे राहतात.
काल काय घडलं, कोणासोबत, तेही इथेच.
एका खोलीत दोन भाडेकरू.
मग माझ्याकडे न बघता :
खोली आक्रसत चालली आहे.

काल काय जेवलात, दोन एलेउतेरियो?
बाबा खिडकीतून बंदरातल्या क्रेन बघतात.
मुलीचं नाव?
क्रेन.

मी त्यांना बसने घरी नेत नाही. पायऱ्यांनी नेते.
फुलपाखरांची टेकडी म्हणतात हिला,
चव्वेचाळीस वर्षांत मी मोजून तीन पाहिली.
बाबांनी एकतीस वर्षं इथले विजेचे मीटर वाचले.
आकडे वहीत गेले,
गुडघे कंपनीत जमा.

पहिल्या वळणावर काही नाही.
दुसऱ्यावर त्यांचा हात माझ्या हातातून सुटतो,
हरवायला नाही, पुढे जायला.
निळं दार, म्हणतात. इथे तीन पायांचा कुत्रा होता,
चावायला मात्र चारी पायांनी यायचा.
इथे ब्रिहिदाबाई. रेडिओवर मॅच.
पेनल्टी हुकली आणि माझ्या हातून मीटरची काच फुटली.
मंगळवार होता.
वारा दक्षिणेचा.

मी मागून चढते, धापा टाकत.
जिथे पाऊल तिथे दिवस.
खुर्चीत बसलेल्या माणसाला
काय म्हणून विचारायचं काही?

वरच्या अंगाला आगीनंतरचं रान.
राख केव्हाच वाहून गेली,
कमरेएवढी रानबडीशेप माजली आहे.
आता विझणार हे, असं मला वाटतं.
घर नाही, दार नाही,
मीटर ज्यावर ठोकायचा ती भिंत नाही.
बाबा थांबतात. चष्मा कपाळावर चढवतात,
नसलेल्या भिंतीशी वाकतात.
चार हजार तीनशे सात.
मग मागेपुढे बघून, हळूच :
तीन हजार नऊशे लिही.

का, बाबा?

एकटी आहे. दिवस गेलेत तिला.
नवरा बोटीवर गेला तो गेलाच.
अशा थंडीत हीटर बंद ठेव म्हणून
कोणत्या तोंडाने सांगायचं?

कोण एकटी आहे?

वेड लागलंय का मला, अशा नजरेने बघतात.
तुझी आई. आणि पोटात तू,
ऑर्तेन्सिया.

खाली बंदरात एक बोट भोंगा देते.
आईने हे कधी सांगितलं नाही.
आईला जाऊनही आता नऊ वर्षं झाली.
त्यांच्या नाकासारखं माझं नाक आहे
असं शेजारणी म्हणायच्या. मीही म्हणायचे.

वही नव्हती. रिपोर्टच्या पाठीवर लिहिलं :
तीन हजार नऊशे.
चारशे सात युनिटं.
कंपनीचं एवढं देणं आहे माझ्या नावावर,
जन्माच्या आधीपासून.

उतरताना त्यांनी पुन्हा हात धरला.
ब्रिहिदाबाईंचं दार आलं, गेलं.
घराच्या फाटकाशी त्यांनी टोपी काढली,
परक्या बाईपुढे काढतात तशी, अदबीने.
आपण कुठल्या घरच्या?

मी वळले
आणि वर, बडीशेपेकडे बोट दाखवलं.