दुसरी काच

गुरुवारी एम्बराराच्या प्रयोगशाळेत
साबणाच्या डबीत दोन काचा घेऊन आला रवाकिबिरा.
न्याबुशोझीहून तीन तास, मोटारसायकलच्या मागच्या सीटवर,
डबी शर्टाच्या आत, पोटाशी,
जणू उबवायला घेतलेली.

फॉर्मवर रकाना: जनावर क्रमांक.
तो म्हणाला, बिहोगो.
कानातला बिल्ला?
कानात गोचिड्या आहेत, म्हणाला, बिल्ल्याला जागा कुठाय.
मी लिहिलं सत्तेचाळीस.
त्यानं माझ्या हाताकडे असं पाहिलं
की पुढे बारीक अक्षरात
बिहोगो लिहावंच लागलं.

काचेवर जांभळा रंग चढायला अर्धा तास लागतो.
बाकीचे लोक तेवढ्यात चहा पिऊन येतात.
हा बसून राहिला, काठी गुडघ्यांत,
आणि तिची आई सांगू लागला, आईची आई,
कोणती कुठल्या पाणवठ्यावर व्याली,
कोणाची शिंगं मावेनात म्हणून फाटक रुंद केलं,
कोणती लग्नात दिली नि रात्रीतून चालत परत आली.
सात पिढ्या. मला माझ्या तीन येतात.

मग त्याच सुरात दुखणं:
कानाखाली गाठ, आधी शेंगदाण्याएवढी, मग अंड्याएवढी.
शेजाऱ्यानं तापल्या सळईनं डागली.
दुकानातलं औषध फवारलं,
गोचिड्या त्यात आंघोळ करून टवटवीत झाल्या.
आता ती कळपाच्या मागे राहते.
श्वास घेते तेव्हा आत
कुणीतरी ताक घुसळतंय असं वाटतं.

तेलाचा थेंब. डोळा लावला.
तांबड्या पेशींच्या गर्दीत
स्वल्पविराम, स्वल्पविराम, स्वल्पविराम,
कुणी वाक्य संपवायलाच तयार नाही.
दर पाचवी पेशी धरलेली.
मी वाचत गेले. पगार वाचण्याचाच मिळतो मला;
गायीचं वाचणं वेगळं.

दुसरी काच.
पेशी मोठ्या.
भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं.
एवढी पेशी गायीची नसते, म्हशीचीही नसते,
बकरीची तर मोहरीहून बारीक.
आणि काहींच्या आत एकेक अंगठी,
नाजूक, एका बाजूला खडा.

हे कोणाचं रक्त?
त्यानं डाव्या हाताचं बोट मुठीत लपवलं.
मलाही ताप येतो ना संध्याकाळी.
म्हटलं, तिच्यासाठी एवढ्या लांब जातोच आहे.
फी एकाच काचेची धरावी, असंही म्हणाला.

त्याच्यासाठी वेगळा फॉर्म नव्हता.
लिंग: नर.
वय: दातांवरून साठीच्या पुढे.
शिंगं:
इथे दोघंही हसलो,
मग त्याला थंडी वाजू लागली, भर दुपारी,
आणि हसणं तिथंच राहिलं.

मी सांगितलं, तुमचा डास, तिची गोचीड,
पण आत शिरलेले चोर एकमेकांचे चुलतभाऊ.
तुमच्या गोळ्या समोरच्या दवाखान्यात फुकट आहेत.
तिचं इंजेक्शन फुकट नाही.
आणि वाचली तरी तिच्या रक्तात थोडं उरेल,
पुढच्या गोचिडीसाठी राखून ठेवल्यासारखं.
त्यानं नोटा दोनदा मोजल्या.
परतीचं भाडं बाजूला काढलं,
मग तेही त्यात मिसळलं.

खिडकीतून दिसला:
बाटली शर्टाच्या आत, पोटाशी,
दवाखान्याच्या रांगेकडे न बघता
न्याबुशोझीच्या दिशेनं चालत निघालेला.
एप्रनसकट धावले. बाही धरून रांगेत उभा केला,
अडून बसलेल्या वासराला करतात तसा.
बाटली तेवढी त्यानं माझ्या हातात दिली नाही.

तीन आठवड्यांनी टेबलावर लाकडी चरवी,
वर गवताचं विणलेलं झाकण.
कोणी ठेवली, शिपायाला सांगता येईना.
म्हातारा होता की पोरगा, त्यानं पाहिलंच नव्हतं.
दूध कोमट, धुरी दिलेल्या भांड्याचा वास असलेलं.

वही काढली. सत्तेचाळीस.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, वाचली
आणि पेन थांबलं.
दूध कुठल्याही गायीचं असू शकतं,
आणणारा कुणाचाही मुलगा.
पुढे टिंब देणार होते.
स्वल्पविराम दिला,